डावा कोपर

आमच्या समुद्रावर रडार पोचत नाही.
सांता मारिया बेटावरच्या या खोलीत
विमान तिथेच असतं, जिथे आम्ही ते लिहिलेलं असतं:
चिंचोळ्या कागदी पट्टीवर, पेन्सिलीने,
कुठली रेखा, किती वाजता, किती उंची.
बाकी अंधार, आणि खाली पाणी.

एव्हारिश्तु माझ्या डावीकडे बसायचा.
पहिला आठवडा मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले
आणि त्याने ते उघडलंच नाही.
"कान भाड्याने दिलेत," तो जेवताना म्हणाला,
"एक न्यूयॉर्कला, एक लिस्बनला.
तुझ्यासाठी कोपर उरलाय."

कोपर मेजाच्या कडेला टेकलेला असला की ठीक.
उचलला, की काहीतरी जवळ येतंय.
माझ्या हाताला लागला
की फोनवरचं वाक्य तिथल्या तिथे सोडायचं,
क्रियापद येईपर्यंतही थांबायचं नाही.
परीक्षेत हे कुणी विचारलं नाही, बरं झालं.
मला ते येतं, सांगता येत नाही.

एका पहाटे न्यूयॉर्क माझ्या कानात आकडे ओतत होतं
आणि त्याने एक पट्टी खाचेतून अर्धी बाहेर ओढली,
जीभ दाखवल्यासारखी.
काराकासचं विमान. खालीच पॅरिसचं.
तीच उंची, तोच छेद, मध्ये चार मिनिटं.
मी न्यूयॉर्कला "थांबा" म्हटलं आणि वर एक बोटही दाखवलं,
चार हजार किलोमीटरवरच्या माणसाला.
एव्हारिश्तु हसला नाही.
त्याने तळवा पालथा धरला, हळूच खाली आणला,
तव्याची धग बघावी तसा.
दोन हजार फूट.
मी लिहिलं. पट्टी खाचेत परत गेली.
काराकासच्या विमानात तेव्हा बहुतेक सगळे झोपलेले असतील.

मग ती फेब्रुवारीतली रात्र.
पेन्सिल कानावर खोचणारा माणूस
दर पट्टीनंतर ती मेजाच्या कडेला समांतर ठेवत होता.
सरळ. पुन्हा थोडी सरळ.
कोपर टेकलेला होता, म्हणजे सगळं ठीक,
पण दोन विमानं जवळ आली तरी टेकलेलाच राहिला.
ती मीच वेगळी केली.
मग खुर्चीच्या पाठीमागून ग्रासिंदाला
जमिनीकडे वळवलेली दोन बोटं दाखवली.
आमच्यात त्याचा अर्थ: मला उठवा.
दुसऱ्यासाठी ती खूण कुणी कधी केली नव्हती.

ग्रासिंदा आली. त्याच्या खांद्यावर हात ठेवला.
तो उठला, हेडसेट नीट गुंडाळून ठेवला,
माझ्याकडे बघितलं नाही.
त्याचा भाऊ तीन दिवस बोटीवरून परतला नव्हता
हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं, पावाच्या दुकानात.

भाऊ परतला. बोट नाही.
एव्हारिश्तु नऊ दिवस माझ्याशी बोलला नाही.
तसा तो कधीच बोलत नसे,
पण हे न बोलणं वेगळं होतं:
खुर्ची चार बोटं लांब.
दहाव्या दिवशी मी आले तर ती जागेवर होती.
त्यावर तो काही म्हणाला नाही, मीही नाही.

आता पट्ट्या गेल्या.
नवी मेजं आली, खुर्च्यांमधलं अंतर कुणीतरी मोजून ठरवलेलं.
इदालिना माझ्या शेजारी शिकते, हुशार आहे,
नजर पडद्यावरून हलत नाही तिची.
मी कोपर लांबवते. पोचत नाही.
मग नाव घेऊन हाक मारते, आणि ती दचकते.

परवा विला दु पोर्तुला मासळीच्या रांगेत
एव्हारिश्तु भेटला. आपसूक डावीकडे उभा राहिला.
मी बांगड्याचा भाव करत होते, अर्ध्या वाक्यात,
आणि कोपर लागला.
मी गप्प. पाय जिथल्या तिथे.
मागून एक पोरगा उतारावरून सायकल घेऊन
ब्रेकशिवाय आमच्या दोघांच्या पुढून गेला.

कोळीण अजून विचारतेय,
किती किलो, बाई, किती?